गोणीवरचा आकडा आणि बटेराची गरज

पक्ष्यांच्या दुकानातून बटेराची जोडी घेतली की दुकानदार बहुधा सोबत राळ्याची पिशवी देतो. लव्हबर्ड राळा खातात, मुनिया राळा खातात, तेव्हा बटेरही खाणारच, असा त्याचा साधा हिशेब. बटेर तो खातोही, अगदी आवडीने. मादी काही दिवस अंडीही देते. मग अंडी लहान होऊ लागतात, कवच बोटाने दबेल इतकं पातळ होतं, पाठीवरची पिसं विरळ दिसतात आणि एखाद्या सकाळी ती पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली आढळते. वाटी भरलेली असते, त्यामुळे घरातल्या कुणालाच उपासमारीची शंका येत नाही. ती उपासमारच असते, फक्त दाण्यांची नसते, प्रथिनांची आणि कॅल्शियमची असते.

राळ्यात प्रथिनं असतात साधारण 11 ते 12 टक्के. अंडी देणाऱ्या बटेर मादीला लागतात 20 टक्क्यांच्या आसपास, आणि वाढत्या पिल्लाला 24. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 मध्ये कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या आहारगरजांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यात जपानी बटेरासाठी हेच दोन आकडे आहेत: वाढीच्या काळात 24, अंड्यांच्या काळात 20. भारतात व्यावसायिक पालनासाठी ज्या शिफारशी सांगितल्या जातात, त्यांत पहिल्या तीन आठवड्यांसाठी 27 टक्क्यांपर्यंतही आकडा जातो, कारण तिथे पाच आठवड्यांत पक्षी वजनाला आणायचा असतो. घरी हौसेने पाळलेल्या पक्ष्याला तशी घाई नसते. म्हणून ‘बटेराला किती प्रथिनं?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न विचारायला हवा: तुमचा बटेर सध्या काय करतोय? वाढतोय, अंडी देतोय, पिसं बदलतोय, की नुसता मजेत राहतोय? प्रथिनांचा आकडा पक्ष्याच्या नावावरून ठरत नाही, त्याच्या शरीराला त्या दिवसांत जे काम पडलंय त्यावरून ठरतो.

आपल्या माळरानांवर पावसाळ्यात जे लावे साद घालतात, ते हे बटेर नव्हेत. ते रानपक्षी आहेत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि त्यांना पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. दुकानात किंवा फार्मवर मिळतो तो जपानी बटेर. जपानात त्याला आधी शेकडो वर्षं त्याच्या आवाजासाठी पाळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून अंड्यांसाठीचे वाण निवडले गेले. दुसऱ्या महायुद्धात ते जवळजवळ संपले होते, पुन्हा उभे केले गेले आणि तिथून जगभर पसरले. भारतात हा पक्षी 1974 मध्ये कॅलिफोर्नियातून आला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या संशोधनातून त्याचे भारतीय वाण घडले. हा इतिहास सांगण्याचं कारण असं की आपण ज्याला हौसेचा पक्षी म्हणून घरी आणतो, त्याचं शरीर अंडी देण्यासाठी निवडून निवडून घडवलेलं आहे. मालकाला अंडी नको असली तरी मादी ती देणारच. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या सुमारे 3 टक्के भरतं. बटेराचं भरतं 7 ते 8 टक्के. दीडशे ग्रॅमची मादी 11 ग्रॅमचं अंडं देते, तेही जवळजवळ रोज, आणि वयाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यापासून.

हा हिशेब ग्रॅममध्ये मांडला की चित्र स्पष्ट होतं. मोठी मादी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम खाद्य खाते. आपण 22 धरू. खाद्यात 20 टक्के प्रथिनं असतील तर तिच्या पोटात जातात 4.4 ग्रॅम. एका अंड्यात प्रथिनं असतात जवळपास 1.4 ग्रॅम. उरलेल्यातून पचनातली घट भागते, शरीराची रोजची झीज भरून निघते, पिसं सांभाळली जातात. आता तीच मादी निव्वळ राळ्यावर ठेवा. 22 ग्रॅम राळ्यातून मिळतात जेमतेम 2.5 ग्रॅम. त्यातलं सगळं पचत नाही, जे पचतं त्याचीही घडण अंड्याला हवी तशी नसते, आणि अंड्याला 1.4 ग्रॅम तर द्यायचेच आहेत. सुरुवातीला ती आपल्या छातीच्या स्नायूंतून उसनं काढते. हातात घेतल्यावर छातीचं मधलं हाड धारेसारखं लागू लागलं, तर ही उसनवारी बरेच दिवस चालू आहे असं समजावं.

पिल्लाचा हिशेब आणखी कडक आहे. सतरा-अठरा दिवसांनी अंड्यातून बाहेर येतं तेव्हा ते 7-8 ग्रॅमचं असतं. नीट खायला मिळालं तर पहिल्या आठवड्यातच तिपटीहून जास्त होतं आणि पाचव्या आठवड्यात दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं. एवढ्या वेगाने उभं राहणारं सगळं, स्नायू, आतडी, रक्त आणि विशेषतः पिसं, प्रथिनांचं बनलेलं असतं. पिसं तर जवळजवळ नव्वद टक्के प्रथिनच. म्हणून प्रथिनं कमी पडलेल्या पिल्लांची पहिली खूण वजनाआधी अंगावर दिसते: पंख उशिरा भरतात, पाठ उघडी राहते, एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांत लहान-मोठी अशी मोठी तफावत पडते. आणि ती एकमेकांची पिसं टोचून खाऊ लागतात. गर्दी, प्रखर दिवा, मिठाची कमतरता अशीही टोचाटोचीची कारणं असतात, पण मी तरी पहिल्यांदा वाटीकडे पाहायला सांगेन.

तर मग 24 लिहिलेली गोणी आणली की प्रश्न मिटला? इथे जरा थांबायला हवं, कारण गोणीवरचा आकडा काय मोजतो हे फार थोड्या पाळणाऱ्यांना माहीत असतं. त्यावर ‘क्रूड प्रोटीन’ असं लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजलेलं नसतं. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने एक पद्धत शोधली. पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचं अमोनियात रूपांतर करायचं आणि तो मोजायचा. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला 6.25 ने गुणायचं. झालं प्रथिन. पद्धत भक्कम आहे, आजही वापरात आहे, पण ती नायट्रोजन कुठून आला हे विचारत नाही. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे या हिशेबाने 100 ग्रॅम युरियात पावणेतीनशे ग्रॅमहून जास्त ‘प्रथिन’ निघेल. मासळीच्या भुकटीत युरिया मिसळून तिचा आकडा फुगवण्याचे प्रकार याच फटीतून होतात. चीनमध्ये 2008 साली दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळलं गेलं आणि सुमारे तीन लाख बाळांना त्याची बाधा झाली, तेही याच हिशेबाला फसवण्यासाठी. म्हणून स्वस्त, सुटी, विनालेबल मासळीची भुकटी बटेरासाठी घेऊ नये, आकडा कितीही मोठा सांगितला तरी.

प्रामाणिक खाद्यातही हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पक्ष्याच्या शरीराला प्रथिन हवं असतं ते त्यातल्या अमिनो आम्लांसाठी. त्यातली काही तो स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. बटेरासाठी त्यांतली दोन सगळ्यात आधी अपुरी पडतात: लायसिन आणि मेथिओनिन. वाढत्या पिल्लाच्या खाद्यात लायसिन 1.3 टक्के आणि मेथिओनिन 0.5 टक्के असावं, असं ते 1994 चे तक्ते सांगतात. अंडी देणाऱ्या मादीसाठी हेच आकडे 1 आणि 0.45 आहेत. लक्षात घ्या, लायसिनची गरज मोठेपणी बरीच घटते, मेथिओनिनची फारशी घटत नाही, कारण अंड्याला आणि पिसांना दोन्हींना गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात. मक्यात लायसिन कमी असतं. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, आपल्या वरण-भातासारखं. तरीही मेथिओनिन थोडं कमीच पडतं, म्हणून खाद्याचे कारखाने ते वेगळं घालतात. कमी प्रथिनांचं पण अमिनो आम्लं नीट जुळवलेलं खाद्य हे जास्त प्रथिनांच्या विस्कळीत खाद्यापेक्षा बटेराला अधिक उपयोगी पडतं. निवड करायची वेळ आली तर गोणीवर लायसिन आणि मेथिओनिनचे आकडे छापणाऱ्या कंपनीचं खाद्य मी आधी उचलेन, क्रूड प्रोटीन एक टक्का कमी असलं तरी.

महाराष्ट्रात खास बटेरासाठीचं खाद्य सगळीकडे मिळत नाही. तालुक्याच्या पोल्ट्री खाद्याच्या दुकानात मिळतं ते कोंबडीचं. त्यातून बटेराचं जमवावं लागतं आणि ते जमतं. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टर खाद्यात 22-23 टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे पिल्लांसाठी ते जवळचं आहे. फक्त कण मोठे असतात. कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीसाठी केलेली चुरी अंगठ्याएवढ्या बटेराच्या पिल्लाला गिळता येत नाही, म्हणून पहिले दहा-बारा दिवस ती मिक्सरमधून रवाळ फिरवून द्यावी. पीठ करू नये, ते चोचीला चिकटतं. घेताना लेबल वाचावं. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीच्या प्रतिबंधासाठी औषध घातलेलं असू शकतं. तसं असेल तर त्याच औषधाची दुसरी मात्रा पाण्यातून देऊ नये आणि अंडी खायची असतील तर पशुवैद्याला विचारूनच पुढे जावं.

मोठ्या मादीसाठी लोक लेयर मॅश आणतात, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबडीचा भरडा. त्यात प्रथिनं 16 ते 18 टक्के असतात आणि कॅल्शियम साधारण साडेतीन टक्के. बटेरासाठी प्रथिनं थोडी कमी, कॅल्शियम थोडं जास्त. इथे एक सोपं गणित उपयोगी पडतं, ज्याला पशुखाद्यवाले पिअरसनचा चौकोन म्हणतात. समजा भरडा 17 टक्क्यांचा आहे, सोयाबीनची पेंड 45 टक्क्यांची आहे आणि हवे आहेत 20. पेंडीच्या 45 मधून 20 वजा करा, उरतात 25, हे भरड्याचे भाग. 20 मधून भरड्याचे 17 वजा करा, उरतात 3, हे पेंडीचे भाग. म्हणजे 25 भाग भरड्याला 3 भाग पेंड, किलोला 120 ग्रॅम. पडताळून पाहा: किलोभर भरड्यातून 170 ग्रॅम प्रथिन आणि पेंडीतून 54, मिळून 224, एकूण वजन 1120 ग्रॅम. बरोबर 20 टक्के. शिवाय कॅल्शियमही साडेतीनवरून तीनच्या जवळ उतरतं. पेंड भरड्याइतकीच बारीक दळून घ्यावी, नाहीतर पक्षी आवडीचे तुकडे वेचून खातात आणि हिशेब वाटीच्या तळाशी राहतो.

कॅल्शियमचा विषय मी मुद्दाम इथेच काढतोय, कारण प्रथिनांवर लक्ष ठेवणारे लोक नेमके त्यात चुकतात. प्री-स्टार्टर 22 टक्क्यांचं आहे, अंडी देणाऱ्या मादीच्या 20 च्या गरजेपेक्षा जास्तच, मग तेच आयुष्यभर चालू ठेवायला काय हरकत आहे, असा त्यांचा विचार असतो. हरकत ही की पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आतबाहेर असतं आणि मादीला अडीच टक्के लागतं. एका अंड्याच्या कवचात साधारण तिसरा हिस्सा ग्रॅम कॅल्शियम असतं. एक टक्क्याच्या 22 ग्रॅम खाद्यातून मिळतं 0.22 ग्रॅम, तेही सगळं शोषलं गेलं तर. बाकीचं हाडांतून निघतं. पक्ष्यांच्या मादीच्या पोकळ हाडांत अंड्यांच्या हंगामात कॅल्शियमचा एक साठा तयार होतो आणि रात्री पोटात खाद्य नसताना कवच त्यातून घडतं. रोज तो साठा उपसला आणि भरला नाही, तर मऊ कवचाचं अंडं, अंडं अडकणं आणि शेवटी पाय धरणं हे ठरलेलं. उलट, वाढत्या पिल्लांना लेयर मॅश दिलं तर जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना इजा करतं. नर-मादी एकत्र असतील तर सोपा उपाय असा: सगळ्यांना 20 टक्क्यांचं, कमी कॅल्शियमचं खाद्य द्यायचं आणि शिंपल्याची भरड वेगळ्या वाटीत ठेवायची. अंड्यांवरची मादी ती स्वतःहून खाते, विशेषतः दुपारनंतर. नर फारसा तिकडे फिरकत नाही.

घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंनी प्रथिनं वाढवू पाहणाऱ्यांसाठी दोन धोक्याच्या सूचना. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन घरचं असतं, तेव्हा ‘पेंड कशाला, दाणेच भरडू’ असं वाटणं साहजिक आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक असतो. तो असताना प्रथिन पोटात जातं पण पचत नाही. उष्णतेने तो निकामी होतो, म्हणून तेल काढताना तापवलेली पेंड चालते आणि कच्चा भरडा चालत नाही. दाणेच वापरायचे तर नीट भाजून, आणि थोडे. दुसरी सूचना शेंगदाण्याच्या पेंडीची. तिच्यात प्रथिनं 40 टक्क्यांच्या वर असतात, स्वस्तही मिळते, पण दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. या विषाचा शोधच मुळी पक्ष्यांच्या मरणातून लागला. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की अज्ञात रोगाने मेल्या. माग काढत गेल्यावर ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड सापडली. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातली ही पेंड बटेराला घालणं म्हणजे यकृताशी खेळ आहे. कुठलंही खाद्य पावसाळ्यात महिनाभर पुरेल इतकंच आणावं आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावं.

उकडलेलं अंडं मात्र निर्धोक आणि उत्तम. त्याच्याबद्दल एक गैरसमज होतो तो आकड्यामुळेच. अंड्यात प्रथिनं 12-13 टक्के असं कोष्टकात वाचलं की ते बाजरीएवढंच वाटतं. पण अंड्यात तीन चतुर्थांश पाणी आहे आणि बाजरीत दहा-बारा टक्केच. पाणी वगळून पाहिलं तर अंड्याचा निम्मा कोरडा भाग प्रथिनच असतो, आणि त्याची अमिनो आम्लं बटेराला हवी तशी जुळलेली असतात. अशक्त पिल्लाला किंवा पिसं बदलणाऱ्या पक्ष्याला किसलेलं अंडं अर्धा चमचा द्यावं आणि तासाभरात उरलेलं काढून घ्यावं. जिवंत मीलवर्मचंही असंच: ओल्या वजनावर वीसेक टक्के, वाळवलेल्यात पन्नासच्या आसपास. ओल्या आणि कोरड्या पदार्थांच्या टक्क्यांची थेट तुलना करायची नाही, एवढं ध्यानात ठेवलं की खाद्यातली निम्मी गफलत टळते.

खाऊने होणारी घट अशीच लक्षात येत नाही. मादीला 20 टक्क्यांचं उत्तम खाद्य आहे, पण मुलं हौसेने रोज चमचाभर राळा घालतात. तो साधारण 5 ग्रॅम. पोटाची एकूण जागा 22 ग्रॅमचीच, तेव्हा खाद्य उरतं 17 ग्रॅम. दोन्हींची मिळून सरासरी येते 18 टक्के. एका चमच्याने दोन टक्के गेले. भात, पोळीचे तुकडे, बिस्किट यांनी तर अधिक. हाताळायची सवय लावण्यासाठी चार दाणे तळहातावर द्यायला काहीच हरकत नाही, पण ते चारच असावेत, आणि वाटीत कधीही नसावेत.

कमीबद्दल इतकं बोलल्यावर जास्तीबद्दलही बोललं पाहिजे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हौशींना तिथे ‘गेमबर्ड स्टार्टर’ म्हणून 28-30 टक्क्यांचं खाद्य सहज मिळतं. ते मुख्यतः टर्की, फेझंट आणि बॉबव्हाइट नावाच्या तिथल्या बटेरासाठी असतं. बॉबव्हाइटच्या पिल्लाची गरज 26 टक्के, म्हणजे जपानी बटेराहून जास्तच. पहिल्या काही आठवड्यांत ते जपानी बटेराच्या पिल्लालाही चालून जातं, पण मोठ्या पक्ष्याला त्याची गरज नाही. शरीर जास्तीचं प्रथिन साठवून ठेवू शकत नाही. नायट्रोजन वेगळा काढून यूरिक आम्लाच्या पांढऱ्या विष्ठेतून बाहेर टाकावा लागतो, त्या कामाला ऊर्जा आणि पाणी लागतं. पक्षी जास्त पाणी पितो, तळातला भुसा ओला होतो, ओल्या भुशात जिवाणू यूरिक आम्लाचा अमोनिया करतात आणि पिंजऱ्याला डोळ्यांत झोंबणारा वास येऊ लागतो. फ्लॅटच्या गॅलरीत बटेर पाळणाऱ्यांच्या ज्या वासाच्या तक्रारी असतात, त्यांतल्या काहींचं मूळ साफसफाईत नसून वाटीत असतं. पाणी कमी, जीवनसत्त्व अ कमी किंवा कॅल्शियम जास्त अशी भर पडली तर यूरिक आम्लाचे खडे सांध्यांवर आणि आतल्या अवयवांवर साचतात. तो संधिवातासारखा आजार मग सहज बरा होत नाही.

उन्हाळ्यात हे दोन्ही टोकांचे धोके एकत्र येतात. अकोला-नागपूरकडे पारा चाळिशीच्या वर गेला की पक्षी कमी खातो. 22 ग्रॅमऐवजी 17 खाल्लं तर 20 टक्क्यांतून मिळतात फक्त 3.4 ग्रॅम. टक्के वाढवून 26 केले की गणित जुळेल असं वाटतं, पण प्रथिनाच्या पचनात आणि विल्हेवाटीत पिठूळ पदार्थांपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते, आणि उष्णता हीच तर त्या दिवसांतली अडचण. म्हणून उन्हाळ्यात प्रथिनं 21-22 च्या पुढे न नेता ती चांगल्या दर्जाची असतील, मेथिओनिन-लायसिन पुरेसं असेल, याकडे पाहावं. खाद्य पहाटे आणि उन्हं उतरल्यावर द्यावं, दुपारी गार पाणी बदलत राहावं.

प्रकाशाचाही प्रथिनांशी थेट संबंध आहे, आणि घरात तो कुणाच्या ध्यानात येत नाही. बटेर मादीचं अंडं देणं दिवसाच्या लांबीवर चालतं. फार्मवर त्यासाठी मुद्दाम 14 ते 16 तास उजेड ठेवतात. मुंबईत डिसेंबरातला दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, तेव्हा नैसर्गिक उजेडात ठेवलेली मादी अंडी कमी करते किंवा थांबवते. तिच्या शरीराला ती विश्रांती हवीच असते. पण पिंजरा दिवाणखान्यात असेल आणि दिवे रात्री अकरापर्यंत चालू असतील, तर तिचा बारमाही हंगाम सुरू राहतो आणि 20 टक्क्यांची गरज वर्षभर टिकते. अंडी नको असतील तर प्रथिनं तोडून ती बंद करू पाहू नये, त्याने फक्त पक्षी खंगतो. संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड टाकावं किंवा तो शांत खोलीत हलवावा. अंडी थांबल्यावर, आणि नंतरच, प्रथिनं 18 च्या आसपास आणावीत.

नराला मुळातच कमी पुरतं. तांबूस छातीचा, अंडी न देणारा, वाढ पूर्ण झालेला नर 16 ते 18 टक्क्यांवर सुखाने राहतो. अंडी थांबलेल्या वयस्क मादीलाही तेवढं चालतं, मात्र वय झालं म्हणून त्याहून खाली उतरवू नये. पिसं बदलण्याच्या काळात दोघांनाही पुन्हा 20 वर न्यावं, कारण तेव्हा अंगभर नवं प्रथिन विणलं जात असतं. कुठलाही बदल एका दिवसात करू नये. आठवडाभर जुन्यात नवं वाढवत न्यावं, कारण बटेर अनोळखी रंगाचं, वेगळ्या कणांचं खाद्य सरळ नाकारतो आणि एवढ्या लहान शरीराला एक-दोन दिवसांचा उपासही महाग पडतो.

हे सगळं बरोबर चाललंय की नाही ते कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. पिल्लं आठवड्यातून एकदा एकाच वेळी, छोट्या डब्यात ठेवून तोलावीत आणि वजनं वहीत लिहावीत. एका घोळक्यातलं सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड पिल्लू यांच्यातलं अंतर वाढत गेलं, तर कणांचा आकार, वाटीची जागा आणि प्रथिनं या क्रमाने तपासावं. मोठ्या मादीचं महिन्यातून एकदा वजन आणि आठवड्यातून एकदा अंड्याचं वजन घ्यावं. अंडं 11 वरून 9 ग्रॅमवर आलं आणि वजनही उतरत असेल तर आधी प्रथिनांचा संशय घ्यावा. अंड्याचं वजन टिकून कवच बिघडत असेल तर शिंपल्याची वाटी पाहावी. दोन्ही ठीक असून पक्षी फुगून बसत असेल, पाय ओढत असेल किंवा विष्ठेत रक्त दिसत असेल, तर तो खाद्याचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं, आणि जाताना गोणीवरच्या लेबलाचा फोटो सोबत ठेवावा.